अ‍ॅप फुकट टाकण्याआधी हे वाचा

"आधी फुकट देऊ, लोक जमले की पैसे लावू" असा बेत असेल तर जरा थांबा. गूगल प्लेवर एकदा फुकट टाकलेलं अ‍ॅप नंतर विकतचं करता येत नाही. नव्या पॅकेज नावाने (म्हणजे प्लेवर अ‍ॅप ओळखायचं वेगळं नाव) परत चढवावं लागतं, म्हणजे जुने रिव्ह्यू आणि डाउनलोड गेलेच. फुकट ठेवणार असाल तर कमाई अ‍ॅपच्या आतल्या खरेदीतून किंवा जाहिरातींतून येणार, हे आत्ताच ठरवा.

शून्य आणि 10 रुपये यांतली दरी 10 आणि 50 मधल्या दरीपेक्षा मोठी असते. एकदा पैसे द्यायचं मनात आलं की 49 का 79 यावर गिऱ्हाईक फारसं अडत नाही. उलट भाव फारच पाडला की माल हलका वाटतो.

वर्गणी असेल तर दोन भाव शेजारी दाखवा: महिन्याला 99, वर्षाला 599. एकटा 599 बघून लोक पळतात. शेजारी 99 असला की बारा महिन्यांचे 1188 होतात हे त्यांचं तेच मोजतात. खाली बारीक अक्षरात "महिन्याला 50 च्या आत" लिहा. (600 नको, 599 च. घासून गुळगुळीत झालेली युक्ती आहे, पण डोळा पहिल्या आकड्यावरच जातो.)

आणखी एक. रिझर्व्ह बँकेच्या नियमामुळे पैसे आपोआप कापण्याच्या निदान 24 तास आधी गिऱ्हाईकाला सूचना जाते. "वर्गणी बंद करू का?" असा विचार करायला लावणारी ही आठवण मासिक वर्गणीत वर्षात बारा वेळा, वार्षिकात एकदाच. म्हणून मी तरी वार्षिक प्लॅनच आधी निवडलेला ठेवतो.