दीड वर्षाच्या मुलीसाठी घरच्या घरी सेन्सरी बॉक्स कसा करायचा? त्यात काय भरू म्हणजे ती अर्धा तास एकटी खेळेल?

तुमच्या प्रश्नातला 'एकटी' हा शब्द वाचला आणि लिहायला बसले.

माझा मुलगा आता पाच वर्षांचा आहे. तो पावणेदोन वर्षांचा असताना मी त्याला असा हाताने चाचपून खेळायचा बॉक्स करून दिला होता, बॉक्स म्हणजे घरातली मोठी परात, खाली जुनी चादर, परातीत तांदूळ आणि वाटाणे, दोन वाट्या, चहाची गाळणी, एक पळी. हे मी कुठल्या रीलवर बघून केलं नव्हतं. माझी आई डहाणूकडे अंगणवाडी सेविका होती. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघांनी १९४५ पासून बोर्डीला आणि मग कोसबाडला आदिवासी मुलांना शंख-शिंपले, पानं, बिया, खडे घेऊनच शिकवलं, ते बघत आई घडली आणि आईचं बघत मी. त्यामुळे तीन-तीन हजारांचे तयार किट बघितले की माझं डोकं फिरतं.

तर त्या दिवशी मी आंघोळीला गेले, नवऱ्याला सांगून गेले की परातीजवळ बस. तो बसला, पण हातात मोबाईल. बाहेर आले तर पोरगा नाक चोळतोय आणि "आत, आत" म्हणतोय. वाटाणा नाकात. नवरा नाकात थेंब टाकायला निघाला होता, मी ओरडून थांबवलं, कारण वाटाणा ओला झाला की फुगतो आणि चिमट्याने ओढायला गेलं तर अजून आत सरकतो. तसंच रिक्षात घातलं आणि ईएनटीकडे नेलं. डॉक्टरांनी त्याला चादरीत गुंडाळायला लावलं, मी डोकं धरलं, बारीक हूकने अर्ध्या मिनिटात काढला. तेवढ्या वेळातसुद्धा त्याचं साल सुटायला लागलं होतं.

घरी आल्यावर सासूबाई म्हणाल्या, अन्नाशी खेळायला दिलंस, होणारच असं. नवरा म्हणाला, तुझी ती अंगणवाडी. तीन वर्षं झाली, प्रत्येक सणाला पाहुण्यांसमोर हा किस्सा निघतो आणि त्यात मोबाईल कधीच नसतो. मी आजही म्हणते, परातीचा काही दोष नव्हता, शेजारी बसलेला माणूस बघत नव्हता.

आता तुमचं. दीड वर्षाचं पोर सगळं तोंडात घालणार, म्हणून खाल्लं तरी चालेल असंच भरा. चुरमुरे, भाजलेला रवा, किंवा साबुदाणा पारदर्शक होईपर्यंत शिजवून, गार पाण्याने धुवून, बीटच्या पाण्यात सोडलेला. हाताला इतका मस्त गुळगुळीत लागतो की माझा त्यातून उठायचाच नाही. बाजारात त्या रंगीत पाणी शोषणाऱ्या गोळ्या मिळतात, त्या घरातच आणू नका, गिळल्या तर पोटात फुगून आतडं अडकतं. कच्चा राजमा नको, तो विषारी असतो. गुंजा, म्हणजे त्या लाल-काळ्या विषारी बिया, तर अजिबात नको, कितीही सुंदर दिसल्या तरी. रांगोळीची पावडरही नको, श्वासातून आत जाते.

अर्धा तास विसरा. या वयात दहा मिनिटं खेळली तरी खूप झालं, आणि ती दहा मिनिटं तुम्ही हाताच्या अंतरावर. स्वयंपाक उरकायला हा बॉक्स नाहीये. दुसऱ्या कोणाला बसवणार असाल तर त्याचा फोन आधी आतल्या खोलीत ठेवायला लावा.

आणि हो, त्या वयाला वाटाणे द्यायलाच नको होते, ती चूक माझी. आईनेही फोनवर तेच सांगितलं होतं, की आमच्याकडची पोरं तीन वर्षांच्या पुढची होती गं. पण तिने दुसरा प्रश्न विचारला होता, जवळ कोण होतं?

सासूबाईंच्या म्हणण्यातलं एक मात्र मी घेतलं. खेळून झालेले चुरमुरे, रवा कचऱ्यात टाकत नाही, गॅलरीत चिमण्यांना ठेवते. साबुदाणा त्याच दिवशी टाकून द्या, संध्याकाळपर्यंत आंबूस वास येतो.