दिसलं ते डावीकडे

प्रिय बाय,

रविवारी सोप्यावर बसून होतीस. चहावर साय धरली तरी कपाला हात लावला नाहीस, आणि उठता उठता एकच वाक्य टाकलंस, "मॅडम, लोक खोटं बोलतात." मग कदंबाची शेवटची बस गाठायला पळालीस. मी चार दिवसांनी लिहिते आहे, कारण त्याच रात्री लिहिलं असतं तर नुसती ओरडले असते. थोडी आजही ओरडणार आहे.

तुझी अडचण मला समजली ती अशी. काजूला जाताना, माकडताप पसरवणारी गोचीड चावू नये म्हणून आरोग्य केंद्रातून मिळालेलं तेल अंगाला लावता का, असं तू घरोघर विचारलंस. बहुतेकांनी हो म्हटलं. मग तू साडेनऊला बागायतीत गेलीस, तर पाय उघडे, कातडी कोरडी, तेलाचा वासही नाही. आता मार्गदर्शक म्हणतात, दोन्हीतली एक माहिती गाळ. आणि तू म्हणतेस, सगळंच सोडून बी.एड. करते. बी.एड.चं नंतर बोलू. मी ते केलेलं आहे.

आधी वहीच्या पानावर मधोमध रेघ मार. दिसलं ते डावीकडे, वाटलं ते उजवीकडे. "लोक खोटं बोलतात" हे उजवीकडचं वाक्य आहे, आणि तुझ्या वहीत मला डावी बाजू सापडलीच नाही. प्रत्येक पानावर "निष्काळजी", "गैरसमज", "जागरूकतेचा अभाव". हे काय आहे? तू माणसं बघायला गेली होतीस की त्यांना मार्क द्यायला?

आणि गंमत म्हणजे डावीकडचं सगळं तुझ्याकडे होतं. त्या वाड्यावरच्या काकी काजूची बी कशी वेगळी करतात ते तू मला हातवारे करून दाखवलंस. उकिडवं बसायचं, वाळक्या पानांचा पातेरा हाताने बाजूला सारायचा, काजूचं फळ म्हणजे बोंडू डाव्या हातात धरून उजव्या हाताने बी पिळून काढायची. बी बादलीत, बोंडू ढिगात. रस मनगटापर्यंत ओघळतो. हात चिकट झाला की त्या तो पोटरीला पुसतात. हे सांगताना तू हसलीस. वहीत मात्र लिहिलं नाहीस! अगं, पोटरीला पुसतात. तेल सकाळी सहाला लावलं असेल, तर साडेनऊपर्यंत घामाने आणि त्या पुसण्याने त्यातलं किती उरणार? तुझ्या प्रश्नाला "हो" म्हणणारी बाई कदाचित खरंच बोलत होती. (बघ, मीही उजवीकडे घसरले. त्या सहाला तेल लावताना मी कुठे पाहिलंय?)

तिळाएवढी गोचिडीची पिल्लं नेमकी याच कोरड्या दिवसांत त्या पातेऱ्यात असतात, हात आणि पोटरीच गाठतात. वानर माकडतापाने मेलं की त्याच्या अंगावरच्या गोचिडी तिथेच गळून पडतात, आणि त्याच झाडाखाली आपल्याकडे कुणीतरी बी वेचत असतं. हे तुला पाठ आहे. म्हणून तर ते पुसणं तू लिहिलं नाहीस याचा राग येतो. त्यातच तुझा सगळा प्रकल्प होता.

माकडताप सापडला तेव्हाही हेच घडता घडता राहिलं. १९५७ साली शिमोग्याजवळ क्यासनूरच्या जंगलात माकडं मरून पडू लागली, गावांत माणसं तापाने फणफणली. माकडं मरतात आणि माणसांना ताप येतो म्हटल्यावर दक्षिण अमेरिकेतला पीतज्वर आठवणारच. तो डासांमुळे पसरतो. पहिला संशय तोच होता. पण पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्रातल्या लोकांनी संशय बाजूला ठेवून अंगावर काय सापडतं ते तपासलं, आणि निघाली गोचीड. पुढे रशियातल्या एका विषाणूशी याचं नातं दिसलं, तेव्हा पाहुण्या पक्ष्यांनी तो आणला असेल का असा विचार झाला, आणि १९५९पासून पक्षीतज्ज्ञ सलीम अलींच्या मंडळींनी पक्ष्यांच्या पायांत कडी घालायला सुरुवात केली. पक्ष्यांवरचा आळ काही सिद्ध झाला नाही. कड्यांच्या नोंदी मात्र राहिल्या, स्थलांतर समजून घ्यायला आजही लागतात. वाटलं ते गेलं, दिसलं ते उरलं.

धारवाडकडचंच बघ. साठच्या दशकाच्या सुरुवातीला सुगियामा नावाच्या जपानी अभ्यासकाने तिथल्या जंगलात वानरांचा नवा नर टोळीत शिरून आधीची पिल्लं मारताना पाहिला. कुणी म्हणालं ही विकृती, गर्दीमुळे होते. पुढे माउंट अबूला सारा हर्डी या अमेरिकी अभ्यासक बाईंनी वेगळाच अर्थ लावला की यात नराचा स्वतःची वीण वाढवण्याचा फायदा असतो. भांडण वर्षानुवर्षं चाललं. भांडता आलं, कारण कुणी काय केलं ते लिहिलेलं होतं.

माझ्या वहीवर कुणाला भांडताही आलं नसतं. हे मी तुला कधी सांगितलं नाही. १९८७ साली मी प्रबंधासाठी बोंडल्याच्या अभयारण्यात वानरांच्या मागे फिरत होते. पावसाच्या तीन दिवसांतल्या माझ्या नोंदी बाकीच्यांशी जुळेनात. मार्गदर्शक म्हणाले, ते दिवस काढून टाका. मी नाही म्हटलं. दोन महिने वाद झाला, प्रबंध राहिला, मी डिचोलीला शाळेत लागले. घरचे अजून म्हणतात, तीन दिवसांसाठी आयुष्य घालवलंस. घालवलं नाही. जे दिसलं ते गैरसोयीचं आहे म्हणून फाडायचं नसतं, आज विचारलंस तरी मी फाडणार नाही, आणि तूही साडेनऊची माहिती गाळायची नाहीस.

पण परवा तुझ्यासाठी ती वही ट्रंकेतून काढली. त्या तीन दिवसांची पानं वाचली. "नर चिडलेला." "मादी उदास." "पुन्हा नर चिडला." मार्गदर्शकांनी तेव्हा विचारलं होतं, चिडला म्हणजे नेमकं काय केलं? दात दाखवले, फांदी हलवली, मागे धावला? मी म्हटलं होतं, चिडला म्हणजे चिडला, सर. इतकी वर्षं मला ते अरेरावीचे वाटत आले. प्रश्न मात्र बरोबर होता गे. ज्या पानांसाठी मी भांडले त्यांवर डावी बाजू नव्हतीच.

आणि नोंदी कशा घ्यायच्या ते तेव्हा ठाऊक नव्हतं, ही सबबही मला नाही. प्राण्यांचं वागणं कसं टिपायचं यावरचा जीन ऑल्टमन यांचा निबंध १९७४चा. एक प्राणी निवडा, ठरलेला वेळ त्याच्याच मागे राहा, तो करील ते सगळं लिहा. नाहीतर डोळा जो जास्त गोंगाट करतो त्याच्याकडेच जातो. त्याची प्रत माझ्या टेबलावर होती. मी अधोरेखितसुद्धा केली होती.

तुझ्या डोक्यात "अडाणी लोक" कुणी घातलं ते मी विचारत नाही. १९६३ साली रोझेन्थाल या मानसशास्त्रज्ञाने विद्यार्थ्यांना उंदीर दिले, काहींना सांगितलं हे हुशार वाणाचे, काहींना सांगितलं हे मठ्ठ. उंदीर सगळे सारखेच होते. तरी "हुशार" उंदीर चक्रव्यूह लवकर शिकल्याच्या नोंदी आल्या. ती पोरं लबाड नव्हती. तुझ्या-माझ्यासारखीच होती.

आणि लोकांचं "हो" किंवा "नाही" फेकून देण्याआधी आपल्या गोव्यातलाच एक अभ्यास वाच, २००५ साली छापलेला. अंगावरून पांढरं जातं अशी बायकांची तक्रार. दवाखान्यात त्यावर जंतुसंसर्गाचं औषध देण्याची रीत. सुमारे अडीच हजार बायकांना विचारलं, तपासलं, तेव्हा त्या तक्रारीचं नातं संसर्गापेक्षा मनावरच्या ताणाशी जास्त दिसलं. त्या खोटं बोलत होत्या का? प्रश्न "होतं का" एवढाच ठेवला असता तर गोळ्या देऊन मोकळे झाले असते. तुझाही प्रश्न "लावता का" एवढाच आहे. आज लावलं का, किती वाजता, कुठे कुठे, हे विचार. आणि विचारण्याआधी बघ.

दोन्ही माहिती ठेव. मार्गदर्शकांना सांग, मधले साडेतीन तास आपण पाहिलेच नाहीत, ते पाहून येते. नाही म्हणाले तर मला फोन कर, भांडायचं कसं ते मला येतं. कधी भांडू नये तेही आता थोडं येतं.

शनिवारी त्या काकींच्या घरी जा. एकट्या त्यांच्याच मागे राहा, बाकी कुणाकडे बघू नकोस. मोजे पँटच्या वर ओढ, पातेऱ्यात बसू नकोस, घरी आल्यावर गरम पाण्याने आंघोळ आणि कपडे वेगळे. पेन दोन ने. सहाच्या आधी पोच, आणि तेलाची बाटली त्या कुठून काढतात, आधी हाताला लावतात की पायाला, तेवढं मला रात्री कळव.

तुझी,
मॅडम