कोडिंग न येता लिबरऑफिसच्या मराठी भाषांतरात मदत केली, तर प्रकल्पाच्या कारभारात मत मिळतं का?

मिळतं. लिबरऑफिस या मुक्त ऑफिस-सॉफ्टवेअरचा कारभार पाहणारी डॉक्युमेंट फाउंडेशन ही बर्लिनमध्ये नोंदलेली संस्था आहे. भाषांतर, चाचणी, मदत-पानं, प्रचार असं काहीही काम साधारण तीन महिने केलेलं असेल आणि पुढचे सहा महिने करत राहण्याची तयारी असेल, तर सदस्यत्वासाठी अर्ज करता येतो. फी नाही. अर्ज तपासणारी समितीही सदस्यांनीच निवडलेली असते. सदस्य झालात की संचालक मंडळाच्या निवडणुकीत तुमचं मत आणि सी-प्लस-प्लस ही प्रोग्रामिंगची भाषा कोळून प्यायलेल्याचं मत सारखंच.

पण खरं सांगू का, रोजचे वाद मंडळापर्यंत जातच नाहीत. 'फाइल' ठेवायचं की 'धारिका' हे त्या-त्या भाषेचा गट ठरवतो, आणि मराठीसारख्या भाषांत हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी माणसं असली, की जो टिकून काम करतो त्याच्या शब्दाला वजन येतं. मत मिळण्याआधीच वजन मिळतं म्हणा ना!

सुरुवात वेबलेटवर, म्हणजे जिथे हे भाषांतर चालतं त्या वेबसाइटवर, खातं उघडून करा. आधी सूचना टाका, जुने शब्द कसे वापरलेत ते बघा. वाक्यात %PRODUCTNAME किंवा $1 दिसलं तर त्याला हात लावू नका, तिथे प्रोग्राम स्वतः नाव किंवा आकडा भरतो. हे सुधारायला गेलेले उत्साही लोक दर वेळी भेटतात. आणि एका रात्रीत मशीन-भाषांतराचा ढीग ओतू नका, तो निस्तरायला दुसऱ्याच कुणाचे तरी रविवार जातात.