चंद्र-गुरू युती : पंचांगातली वेळ आणि आपली वेळ

प्रश्न : पंचांगात चंद्र-गुरू युती दुपारी ३ ची होती. रात्री ८ ला पाहिलं, तर चंद्र गुरूच्या बराच पुढे, पूर्वेला गेलेला. वेळ चुकली का?

उत्तर : वेळ बरोबर होती. त्या क्षणी दोघांचे भोगांश (सूर्याच्या आकाशातल्या मार्गावर पूर्व-पश्चिम मोजलेलं स्थान) सारखे होतात, एवढाच तिचा अर्थ. आणि हे गणित पृथ्वीच्या केंद्रावरून केलेलं असतं. पुढे चंद्र ताशी साधारण अर्धा अंश, म्हणजे स्वतःच्या बिंबाएवढा, पूर्वेकडे सरकतो. पाच तासांत अडीच अंश झाले! शिवाय चंद्राची कक्षा क्रांतिवृत्ताला (सूर्याच्या याच मार्गाला) ५ अंश कललेली असल्यामुळे नेमक्या युतीच्या क्षणीही उत्तर-दक्षिण अंतर राहू शकतं. म्हणून तारखेवर अडून बसू नका. युतीच्या वेळेला सर्वांत जवळचा अंधार निवडा, मग ती आदली पहाट का असेना. फक्त तेव्हा चंद्र क्षितिजाच्या वर हवा. हात ताठ धरला की करंगळीची रुंदी सुमारे १ अंश आणि मूठ १० अंश. दर तासाला अंतर मोजून लिहिलं, तर चंद्राची चाल वहीत उतरते. याहून स्वस्त प्रयोग नाही.

लंबनही (पाहण्याची जागा बदलली की चंद्र आकाशात सरकलेला दिसणं) विसरू नका. मुंबई आणि नागपूर यांच्यात सुमारे ७०० किमी अंतर आहे. तेवढ्याने चंद्राची जागा ग्रहाच्या तुलनेत ६ कलांपर्यंत (६० कला म्हणजे १ अंश), म्हणजे बिंबाच्या पाचव्या हिश्शाएवढी बदलते. त्यामुळे ग्रह चंद्राच्या कडेला चाटून जाणार असेल, तर एका गावातून पिधान (ग्रह चंद्राआड झाकला जाणं) दिसतं आणि दुसऱ्या गावातून नुसती जवळीक.

प्रश्न : १०×५० द्विनेत्रीतून (दोन डोळ्यांनी पाहायच्या दुर्बिणीतून) गुरूचे उपग्रह का दिसले नाहीत?

उत्तर : दोन कारणं संभवतात : हाताचा कंप आणि चंद्राचा झगमगाट. द्विनेत्री तिपाईवर बसवा आणि चंद्र दृष्टिक्षेत्राबाहेर जाईल इतकी ती वळवा. चंद्र अगदी जवळ असेल, तर त्याला छपराच्या कडेआड घ्या. चारही उपग्रह दर वेळी दिसतीलच असं नाही. एखादा गुरूच्या पुढे किंवा मागे असतो.

प्रश्न : फोटोत चंद्रकोर पांढरा गोळा होते.

उत्तर : कॅमेरा काळ्या आकाशाकडे पाहून प्रकाश वाढवतो. मोबाइल टेकवून ठेवा, पडद्यावर चंद्रावर बोट दाबा, उजेड खाली ओढा आणि ३ सेकंदांचा टायमर लावा. कॅमेरा असेल तर २०० मिमी भिंग, एफ ५.६, आयएसओ ४०० वर १/६० सेकंदापासून सुरुवात करा. कोरीच्या आतला फिकट पृथ्वीप्रकाश (पृथ्वीवरून परतून चंद्राच्या अंधाऱ्या भागावर पडलेला उजेड) हवा असेल, तर आयएसओ ८०० वर १ सेकंदाचा वेगळा फोटो घ्या. त्यात कोर जळणारच.