पाळलेल्या कबुतरांत नर-मादी कशी ओळखायची आणि जोडी कशी लावायची?

रंगावरून सहसा कळत नाही, वागणं बघा. नर गळा फुगवून घुमतो, गोल फिरतो, शेपटी जमिनीला घासत मादीच्या मागे लागतो. मादीही कधीकधी घुमते, म्हणून एका दिवसात ठरवू नका. खरी खात्री अंड्यांवरून. एक मादी सहसा दोनच अंडी घालते, साधारण दोन दिवसांच्या अंतराने. घरट्यात चार दिसली तर बहुधा दोन्ही माद्याच आहेत, आणि त्या अंड्यांतून पिल्लं निघणार नाहीत.

जोडी लावायची तर पक्षी सहा महिन्यांपुढचे हवेत. मध्ये जाळी ठेवून आठवडाभर शेजारी ठेवा, मगच एकत्र सोडा. एकदम सोडलेला नर मादीला टोचून रक्तबंबाळ करू शकतो. मातीचं पसरट भांडं, कडुनिंबाच्या सुक्या काड्या आणि शिंपल्यांचा चुरा द्या. अंडी १७ ते १९ दिवसांत फुटतात. दुपारी नर बसतो, रात्री मादी. तेव्हा सारखं डोकावू नका.

मुंबईच्या पावसात पिंजरा कोरडा राहील अशी जागा बघा. चाळीच्या गॅलरीत ठेवत असाल तर विष्ठा ओली करून, मास्क लावूनच काढा. ती धूळ फुप्फुसांना वाईट, आणि शेजाऱ्यांच्या घरातही जाते.