सोमवारची एकादशी, मंगळवारची एकादशी

प्रिय अनू,

परभणीत आजीनं सोमवारी एकादशी धरली आणि समोरच्या माळकरी काकूंनी मंगळवारी, मग चुकलं कुणाचं, असं तू विचारलंस. कुणाचंच नाही. आजीची स्मार्त एकादशी, काकूंची भागवत, म्हणजे वैष्णवांची. दोन्ही पंथांत वाद आहे तो 96 मिनिटांचा.

चंद्र सूर्यापासून 12 अंश पुढे सरकला की एक तिथी संपते. त्याला कधी 20 तास लागतात, कधी 26. म्हणून तिथी दिवसा-रात्री केव्हाही बदलते. स्मार्तांचा नियम साधा: सूर्योदयाला एकादशी असली की उपवास. भागवतांना तेवढं पुरत नाही. सूर्योदयाआधीच्या 4 घटका म्हणजे अरुणोदय, आणि घटका 24 मिनिटांची. तेवढ्या वेळात दशमी जराशी जरी उरली, तरी एकादशीला दशमीचा वेध लागला. मग उपवास दुसऱ्या दिवशी, भले त्या सकाळी द्वादशी का लागलेली असेना.

सूर्योदय 6 ला धर, म्हणजे अरुणोदय 4:24 ला. दशमी सोमवारी पहाटे 4:50 ला संपली, तर आजीची सोमवारी, काकूंची मंगळवारी. 4:10 लाच संपली असती, तर दोन्ही घरी भगर-आमटी एकाच दिवशी शिजली असती. घोळ होतो तो छापील कॅलेंडरमुळे. परभणीत सूर्य मुंबईच्या सुमारे 15 मिनिटं आधी उगवतो. मुंबईच्या सूर्योदयावर काढलेल्या कॅलेंडरात एकच एकादशी दिसते, तेव्हा परभणीच्या हिशेबानं कधीकधी दोन निघतात.

स्मार्त म्हणजे शैव, असं मात्र समजू नकोस. त्यांच्या पंचायतनात शिव, विष्णू, देवी, सूर्य, गणपती पाचही असतात. आणि आडवं गंध शैवांचं, उभं वैष्णवांचं, हा भेद आपल्याकडे संतांनी कधीच ओलांडलाय: नरसीचे नामदेव विठ्ठलाचे, पण त्यांना औंढ्या नागनाथाला गुरू भेटले ते विसोबा खेचर, शिवभक्त.

काकूंना "एकादशी कालच झाली की" असं म्हणू नकोस बाळा. त्यांच्या लेखी ती झालेलीच नव्हती.

आता आपल्या टोरांटोचं. तिथी जगभर एकाच क्षणी बदलते, सूर्योदय मात्र ज्याचा त्याचा. उन्हाळ्यात आपण साडेनऊ तास मागे, म्हणून ती 4:50 ची वेळ इथे रविवारी संध्याकाळी 7:20 ला आली. सोमवारच्या अरुणोदयात दशमीचा मागमूस नाही. आजी आणि काकू त्या दिवशी आपल्याकडे असत्या, तर दोघींचा उपवास सोमवारीच झाला असता.

तुझा,
बाबा