अक्षरं पाठ आहेत, पण शब्दातला पहिला आवाज ओळखता येत नाही, काय करावं?

तुम्ही लिहिलंय की मुलगा चार वर्षांचा आहे, मुळाक्षरांचा तक्ता घडाघडा म्हणतो, पण ‘बदक कशाने सुरू होतं?’ विचारलं की ‘चोचीने’ म्हणतो. मी ठाण्यात बालवाडीत शिकवते. अशी उत्तरं मला नेहमी मिळतात आणि मला ती फार आवडतात. त्याने तुमचा प्रश्न नीट ऐकला आणि खऱ्या बदकाबद्दल उत्तर दिलं. या वयात शब्द म्हणजे ती वस्तूच. शब्दाला स्वतःचा आवाज असतो आणि त्याचे तुकडे करता येतात, हे त्याला दाखवावं लागतं. तक्ता पाठ असल्याने ते आपोआप येत नाही.

म्हणून काही दिवस अक्षर दाखवूच नका, फक्त ऐकवा. आधी टाळ्या वाजवत शब्द तोडा: टो-मॅ-टो, को-बी. मग पहिला आवाज. सुरुवात ‘म’ आणि ‘स’ने करा, कारण ते लांबवता येतात: म्‌म्‌म्‌मासा, स्‌स्‌स्‌साप. ‘क’ किंवा ‘ट’ असा ताणता येत नाही. शिवाय ‘म’ म्हणताना ओठ मिटतात, ते मुलाला आरशात दिसतं.

आता खरी अडचण. जांभळी नाक्याच्या मंडईत गेलात की कांदा, काकडी, कारलं, कोबी, कोथिंबीर हे सगळं आपल्याला ‘क’चं वाटतं. मुलाला मात्र ‘का’ आणि ‘को’ वेगळे ऐकू येतात, आणि ते वेगळे आहेतच! त्यामुळे ‘कोबी ‘को’ने सुरू होतो’ हे उत्तर बरोबरच माना. आधी कमळ, कप, कढई, कणीस असे बिनकान्याचे शब्द घ्या, मग कांदा-काकडी-कारलं एकत्र, मग कोबी-कोथिंबीर. हे सगळं सरावलं की विचारा, ‘कप, कांदा, कोबी म्हणताना जीभ कुठे टेकते?’ तिन्ही वेळा मागे, एकाच जागी. तिथे त्याला ‘क’ सापडतो. या टप्प्याला वेळ द्या, घाई इथेच होते.

स्लो लोकलने कल्याणकडे जात असाल तर आणखी मजा. कळवा, कोपर, कल्याण एका आवाजाचे. ठाणे आणि ठाकुर्ली एका. दिवा आणि डोंबिवली सारखे वाटतात, पण ‘द’ला जीभ दातांना लागते आणि ‘ड’ला वर वळते. ‘माझ्या मनातलं स्टेशन ठ-ने सुरू होतं’ एवढं म्हटलं तरी मुलं कान टवकारतात.

तक्त्यातली काही अक्षरं या खेळात घेऊ नका. ‘ण’ आणि ‘ळ’ने मराठी शब्द सुरूच होत नाहीत, म्हणून तर ‘ण बाणाचा’ आणि ‘ळ बाळाचा’. ‘च’चे उच्चार दोन: चहा, चिमणी एका बाजूला, चाक, चमचा दुसऱ्या. मुलगा म्हणाला की हे सारखे नाहीत, तर त्याचा कान तयार झालाय. त्याला शाबासकी द्या.

शाळा इंग्रजी माध्यमाची असली तरी घरी मराठीतच खेळा. पहिला आवाज पकडायची सवय एकदा लागली की ती दुसऱ्या भाषेतही उपयोगी पडते. फक्त तिथे अक्षराचं नाव आणि आवाज वेगळे ठेवा. ‘एच’ या नावात ‘ह’ ऐकूच येत नाही.

महागडे फ्लॅशकार्ड घेऊ नका. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला, म्हणजे तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात, शिंपले, बिया, पानं अशा आसपासच्या वस्तूंतून बालशिक्षण उभं केलं. तुमच्या स्वयंपाकघरात त्याहून जास्त सामान आहे.

तो ‘र’ला ‘ल’ म्हणत असेल तर काळजी नको. ‘र’ तोंडात उशिराच बसतो. पण सारखी सर्दी असेल, मागून हाक मारल्यावर वळत नसेल, टीव्ही मोठ्याने लावत असेल, तर आधी कानाच्या डॉक्टरांना दाखवा. सर्दीने कानात पाणी साचलं की ऐकू कमी येतं, आणि उपचाराने बहुतेकदा ते सुधारतं.